राग म्हणजे औषधाची गोळी नव्हे

झोप लागत नसेल तर दरबारी, रक्तदाब वाढला तर अमुक, उदास वाटलं तर तमुक, असे तक्ते हल्ली घरोघरी फोनवर फिरतात. प्रत्येक रागाचा भाव ठरलेला असतो आणि तो ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उतरतो, ही त्यामागची जुनी समजूत. ती मला मान्य नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात मध्यम-पंचमांकडे हास्य-शृंगार आणि गांधार-निषादांकडे करुण सोपवला आहे. १९९९ साली बाल्कविल आणि थॉम्प्सन या संशोधकांनी आपल्या संगीताशी ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी राग ऐकवले, तेव्हा त्यांनी आनंद, दुःख आणि क्रोध बऱ्यापैकी ओळखले.

पण भरताची ती वाटणी नाटकाच्या प्रयोगासाठी होती आणि आजचे राग तेव्हा नव्हतेच. त्या श्रोत्यांचा कौलही लय जलद की संथ, सुरावट साधी की गुंतागुंतीची, यांवर बराच अवलंबून होता. शांत भाव तर त्यांना नीटसा ओळखताही आला नाही, आणि तक्ते नेमकं शांततेचंच आश्वासन देतात! शिवाय गाण्यातलं दुःख ओळखणं वेगळं आणि आपण दुःखी होणं वेगळं. करुण गाणं ऐकून आपण तृप्त होऊन उठतो. शोक आणि करुण रस यांत आपल्या साहित्यशास्त्रानं फरक केला तो उगाच नाही.

यमनच घ्या. १९१६च्या ‘स्वयंवर’ नाटकात बालगंधर्वांच्या रुक्मिणीचं ‘नाथ हा माझा’ यमनातलं, प्रेमानं फुललेलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त पित्याच्या मृत्यूनं कोसळलेल्या भरताची राम समजूत घालतो, ते ‘पराधीन आहे जगती’ही यमनकल्याणाच्याच अंगानं बांधलेलं. तक्त्यात यमनपुढे नेमकं काय लिहायचं?

मग सुख येतं कुठून? लयीतून, आवाजाच्या लगावातून, शब्दांतून, आणि माझ्या मते सर्वांत जास्त ओळखीतून. यमन गाताना गायक षड्ज टाळून ‘नि रे ग’ असा वर जातो. यमन कानात मुरलेला श्रोता त्या न लागलेल्या षड्जाची वाट पाहत राहतो. आलाप फिरून फिरून अखेर षड्जावर टेकतो तेव्हा त्याच्या तोंडून ‘वा!’ निघून जातं. ज्यानं यमन कधी ऐकलेलाच नाही, तो वाट कशाची पाहणार? ही ओळख तक्ता वाचून होत नाही, ऐकत राहिल्यानंच होते. ‘परिणाम झाला का’ हे तपासत दहा मिनिटं ऐकणाऱ्याच्या पदरात ना झोप पडते ना गाणं, आणि मग तो म्हणतो, शास्त्रीय संगीत आपल्यासाठी नाही. या तक्त्यांनी केलेलं हे नुकसान मला सर्वांत जास्त बोचतं.

तेव्हा तक्ता पुढे पाठवू नका. महिनाभर एकच यमन ऐका: अमीर खाँसाहेबांचा, भीमसेनांचा, विलायत खाँच्या सतारीवरचा. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेत राहा.