चित्राबाहेरचा तरुण

दयेपोटी निघालेल्या संस्था एकत्र आल्या तर कायदा होतो काय? होतो. पण तो कोणासाठी होतो, हे पुष्कळदा त्या संस्थांनी समाजापुढे कोणाचे चित्र धरले यावर ठरते. ब्रिटनमधील बेघरांच्या चळवळीचा इतिहास वाचताना मला एक तरुण सतत दाराबाहेर उभा दिसतो.

सुरुवात लंडनच्या नॉटिंग हिल भागात आहे. कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या लोकांवर तेथे १९५८ साली गोऱ्यांच्या टोळ्यांनी हल्ले केले. काळ्यांना खोली मिळणार नाही, अशा पाट्या उघड लागत. १९६५ च्या वंशसंबंध कायद्यानेही घराच्या बाबतीत त्याला बंदी केली नाही. ती १९६८ च्या कायद्याने आली. (पाटी न लावता, आडनाव विचारून खोली नाकारण्याची आपली रीत अधिक सभ्य म्हणायची!) ज्यांना कोणी दार उघडत नव्हते त्यांना पीटर रॅकमनसारखे मालक सडक्या घरांत कोंबून मनमानी भाडे उकळत. या वस्तीत ब्रूस केनरिक या पाद्र्याने १९६३ साली गृहसंस्था काढली. पुढे अशा पाच संस्था एकत्र आल्या आणि १ डिसेंबर १९६६ रोजी ‘शेल्टर’ ही मोहीम सुरू झाली. पंधराच दिवस आधी बीबीसीने ‘कॅथी कम होम’ हे नाट्य दाखवले होते. त्याच्या शेवटी रेल्वे स्टेशनवर बेघर आईच्या हातून तिची मुले काढून घेतली जातात. देश हळहळला. ‘शेल्टर’ने लोकांपुढे मांडली तीही मुख्यतः अशीच कुटुंबे. पैसा आला, आणि तो यायलाच हवा होता.

पण काम शोधायला एकटाच लंडनला आलेला, किंवा बापाने घराबाहेर काढलेला सतरा वर्षांचा पोरगा या चित्रात नव्हता. त्याच्यासाठी डिसेंबर १९६९ मध्ये केनेथ लीच या पाद्र्याने सोहोतील सेंट ॲन चर्चच्या तळघरात रात्रीचा निवारा उघडला. त्याचे नाव ‘सेंटरपॉइंट’. जवळच याच नावाची तीसहून अधिक मजल्यांची नवी इमारत वर्षानुवर्षे रिकामी उभी होती. नावातच आरोप होता.

पुढे ‘शेल्टर’सह अनेक संस्थांनी संयुक्त गट करून कायद्याचा आग्रह धरला आणि स्टीफन रॉस या लिबरल खासदाराच्या खाजगी विधेयकातून १९७७ चा बेघरांसंबंधीचा कायदा झाला. दान मागणाऱ्याच्या हाती हक्क आला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र पार्लमेंटात फुकट्यांचे फावेल अशी ओरड झाली आणि ‘जाणूनबुजून बेघर’ झालेल्यांना वगळणारे कलम आत शिरले. शिवाय गरजेचा अग्रक्रम ठरला: मुले असलेली कुटुंबे, गर्भवती स्त्रिया, वृद्ध, आजारी, दुर्बल. धडधाकट एकटा तरुण सल्ल्यापुरता उरला.

येथे मला १९१७ चे बडोदे आठवते. कोलंबियात शिकून आलेले, सव्वीस वर्षांचे बाबासाहेब. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि ते कामाठी बागेत जाऊन बसले. त्या १९७७ च्या कायद्याच्या खिडकीपुढे ते उभे राहिले असते तर? वृद्ध नाहीत, आजारी नाहीत, पदवीधर आणि नोकरदार. कारकुनाने त्यांना कोणत्या रकान्यात बसवले असते? ज्याला समाजच दार लावतो त्याची दुर्बलता शरीरात शोधून सापडत नाही.

ब्रिटनमध्ये तरुणांवरचा पुढचा घाव १९८८ चा. सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा उत्पन्नसाहाय्याचा हक्क सरकारने काढून घेतला. घरात आईबाप सांभाळतील, हे गृहीत. ज्यांना घरातूनच हाकलले होते त्यांचे काय? इंग्लंडमध्ये ही मुले आणि सरकारी देखभालीतून बाहेर पडलेले १८ ते २० वयाचे तरुण अग्रक्रमाच्या यादीत आले ते २००२ साली. मूळ कायद्यानंतर पंचवीस वर्षांनी.

आणि सगळे बेघर फुटपाथवर दिसतात थोडेच! तेथील पुष्कळ तरुण आज मित्राच्या सोफ्यावर, उद्या दुसऱ्याच्या, असे दिवस काढतात. रस्त्यावरच्या मोजणीत ते येत नाहीत. मीही कॉलेजच्या पहिल्या वर्षी वसतिगृहाची यादी लागेपर्यंत नातेवाइकाच्या एका खोलीत नऊ माणसांत राहिलो, अभ्यास जिन्यात केला. मला तेव्हा कोणी बेघर म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

स्कॉटलंडने अग्रक्रमाची ही विभागणी २०१२ अखेर रद्द केली. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने मदतीची व्याप्ती वाढली, पण कायम सोय करण्याच्या मुख्य जबाबदारीसाठी अग्रक्रम शिल्लकच आहे. खाजगी घरात राहणाऱ्या एकट्या तरुण भाडेकरूला सरकारी भाडेमदत मिळते ती, काही अपवाद सोडता, सामायिक घरातल्या एका खोलीपुरती. ही अट आधी पंचवीस वर्षांखालच्यांना होती. २०१२ मध्ये ती पस्तिशीपर्यंत नेली.