दुखऱ्या मनगटाचा इतिहास

गेल्या पावसाळ्यापासून माझं उजवं मनगट दुखतंय. सुरुवातीला दिवसभराच्या कामानंतर ठणकायचं आणि सकाळी उठलं की बरं वाटायचं. मग रात्री झोपेत अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. हात झटकत उठायचो, खोलीत दोन फेऱ्या मारायचो, परत आडवा व्हायचो. एके दिवशी चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी डॉक्टरांना दाखवा."

मी पुण्यात डीटीपीचं काम करतो. पंचवीस वर्षं झाली. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची पुस्तकं जुळवायची, प्रुफातल्या चुका दुरुस्त करायच्या, चित्रं बसवायची. पानामागे पैसे मिळतात. हात थांबला की कमाईही थांबते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की, मनगटातल्या नसेवर दाब येतोय. रात्री पट्टा बांधा, कामात मध्ये मध्ये थांबा आणि जमलं तर माउस बदला. तिन्हींमध्ये मला शेवटचं सोपं वाटलं. म्हणून तपकीर गल्लीत गेलो.

दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा प्रकार मांडले. उभा माउस, अंगठ्याने गोळा फिरवायचा ट्रॅकबॉल, बोटांनी फिरवायचा ट्रॅकबॉल, टचपॅड, पेन टॅब्लेट. मी विचारलं, "यातला मनगटाला चांगला कोणता?" तो म्हणाला, "काका, सगळेच चांगले. तुमचं बजेट सांगा." मी काहीच न घेता परत आलो. पुढचे काही आठवडे काम कमी होतं आणि झोपही कमी होती. या काळात जे वाचलं, ते इथं मांडतो आहे. कारण हे दुखणं संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे आणि त्यावर 'नवं अवजार घ्या' हा सल्लाही तितकाच जुना आहे.

नोटरीचा डावा हात

इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कामगारांच्या आजारांवर त्यांनी १७०० साली लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस' हेही विचारलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १७१३च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिक आणि कारकुनांवर लिहिलं. या लोकांच्या दुखण्याची तीन कारणं त्यांनी दिली आहेत. सतत बसून राहणं, हाताची एकाच दिशेने न थांबता होणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण.

त्यांच्या ओळखीचा एक नोटरी होता. लिहून लिहून त्याने बरा पैसा कमावला होता. आधी त्याचा उजवा हात थकू लागला, मग पार निकामी झाला. त्याने जिद्दीने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं. थोड्याच काळात तेच दुखणं डाव्या हातातही आलं.

हा नोटरी मला पुढे प्रत्येक टप्प्यावर आठवत राहिला. त्याने हात बदलला होता, पण लिहिण्याचं ओझं तेवढंच ठेवलं होतं.

टाकापासून तारयंत्रापर्यंत

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले आणि पिसाच्या लेखणीऐवजी पोलादी निब आलं. लिहिताना बोटं आखडून जाण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी निबाला दोष दिला. विल्यम गॉवर्स या नामांकित डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. बोटं आणि मनगट टेकवून लिहिण्याऐवजी खांद्यापासून हात मोकळा चालवून लिहिलं, तर हा त्रास जवळजवळ नाहीसा होईल, असं त्यांना वाटत होतं.

मग तारयंत्र आलं. एकच कळ दिवसभर वर-खाली दाबायची. अमेरिकेतल्या तारवाल्यांमध्ये या दुखण्याला 'काचेचा हात' म्हणत. होरेस मार्टिन यांनी १९०४ मध्ये व्हायब्रोप्लेक्स नावाच्या कळीचं पेटंट घेतलं. ती वर-खाली न दाबता आडवी हलवायची असे. एका बाजूला दाबून धरली की पट्टी थरथरत राही आणि टिंबांची रांग आपोआप उमटे. फक्त रेघा हाताने द्याव्या लागत. दुखऱ्या हातांच्या कितीतरी तारवाल्यांना या कळीने नोकरीत टिकवलं. तिने काम वेगानेही होऊ लागलं. माणसाचा आराम आणि मालकाचा वेग एकाच अवजारात आले की ते अवजार लवकर पसरतं.

ब्रिटनमध्ये १९०८ साली तारवाल्यांच्या या दुखण्याचा समावेश कामगार भरपाई कायद्याच्या यादीत झाला. म्हणजे हे दुखणं कामातून येतं आणि त्याची जबाबदारी एकट्या कामगाराची नाही, हे कायद्याने मान्य केलं.

चाचांचा गुडघा

हे वाचताना मला आमचे चाचा आठवले. ते मुंबईत एका उर्दू साप्ताहिकात कातिब होते. संगणक येण्याआधी उर्दूचं पान खिळ्यांनी जुळवत नसत. नस्तालिक लिपीत अक्षरं तिरकी उतरत जातात, एकावर एक चढतात. म्हणून कातिब सगळं पान हाताने लिहायचा आणि तेच छापलं जायचं. चाचा जमिनीवर बसायचे. उजवा गुडघा उभा, त्यावर पाटी, पाटीवर कागद आणि हातात बोरू. रात्रीच्या पाळीनंतर अम्मी त्यांना मीठ घातलेलं गरम पाणी द्यायची. त्यात मनगट बुडवून ते निवांत बसायचे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की, बोरूऐवजी चांगलं विलायती पेन का घेत नाही? ते हसून म्हणाले, "कलम बदलने से क्या होता रे, काम तो वहीच है."

१९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' वृत्तपत्राने नूरी नस्तालिक हा संगणकी टाइप वापरायला सुरुवात केली. १९९४ मध्ये आपल्याकडे दिल्लीत तयार झालेलं इनपेज आलं. काही वर्षांतच कातिबांच्या चटया गुंडाळल्या गेल्या. चाचांचं मनगट सुटलं, पण रोजगारही सुटला. त्यांच्या पुतण्याने, म्हणजे मी, माउस हातात घेतला.

वेग मोजला, वेदना मोजली नाही

गंमत अशी की आज 'मनगटासाठी नवं' म्हणून विकला जाणारा ट्रॅकबॉल माउसच्या आधीचा आहे. ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये रडारच्या पडद्यासाठी फिरता गोळा कल्पिला. तो लष्करी गुपित म्हणून दडलेलाच राहिला. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास असाच एक गोळा बनला. त्यासाठी तिथल्या बोलिंगच्या खेळातला खराखुरा चेंडू वापरला होता.

माउस १९६४ चा. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना होती आणि बिल इंग्लिश यांनी ती घडवली. लाकडाची छोटी पेटी, खाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं, वर एक बटण. पण पडद्यावरची जागा दाखवायला हेच साधन चांगलं, हे त्यांनी गृहीत धरलं नाही. नासाच्या पैशातून त्यांनी चाचण्या घेतल्या. प्रकाशपेन, जॉयस्टिक, ग्राफाकॉन नावाचं एक उपकरण, माउस आणि टेबलाखाली बसवलेला, गुडघ्याने हलवायचा दांडा. माणसाने कळफलकावरची स्पेसबार दाबायची, मग साधन पकडून पडद्यावरचं लक्ष्य गाठायचं. किती वेळ लागला आणि किती चुका झाल्या, याची नोंद व्हायची.

१९६७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सरावलेल्या लोकांच्या हातात माउस सगळ्यांत सरस ठरला. नवख्या लोकांना मात्र प्रकाशपेन आणि गुडघ्याचा दांडा अधिक वेगाने जमला. गुडघ्याचं वाचून मला चाचांची पाटी आठवली. त्या दांड्यामुळे दोन्ही हात कळफलकावरच राहिले असते. पुढे तो रूढ झाला नाही.

मला एंगेलबार्ट यांना दोष द्यायचा नाही. संगणकापुढे दिवसातून दहा तास माणूस बसेल आणि पानामागे पैसे घेईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चाचणीत वेळ मोजला आणि चुका मोजल्या. सहा महिन्यांनी हात कसा असेल, हा प्रश्न त्या चाचणीचा नव्हता. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी पुन्हा तुलना केली. तिथंही माउसच जिंकला आणि तोही वेग आणि चुका यांवरच. मग १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला आणि माउस घराघरांत, छापखान्यांत गेला.

मग दुखणं मोजायला घेतलं

ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या मध्याला कळफलकावर काम करणाऱ्यांमध्ये हातदुखीच्या तक्रारींची लाट आली. भरपाईचे दावे झाले आणि डॉक्टरांमध्ये दोन तट पडले. एक म्हणे कामामुळे दुखतंय, दुसरा म्हणे मनाचा खेळ आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये कामाच्या ठिकाणी अंगाला पडणाऱ्या ताणाविषयीचे नियम जाहीर झाले. जानेवारी २००१ मध्ये ते लागू झाले आणि मार्चमध्ये संसदेने ते रद्दही केले. ब्रिटनने १९०८ मध्ये जे तारवाल्यांना दिलं, ते माउसवाल्यांना मिळवणं एवढं अवघड गेलं.

शास्त्राचं उत्तरही सरळ नाही. मनगटात हाडं आणि स्नायुबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे नऊ कंडरे आणि एक नस जाते. तिथं दाब वाढला की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं. १९९९ मध्ये संशोधकांनी माणसं माउस वापरत असताना हा दाब थेट मोजला. हात माउसवर नुसता ठेवला तर दाब कमी होता. लक्ष्य गाठताना आणि विशेषतः बटण दाबून धरत ओढताना तो वाढला. वेगवेगळ्या आकारांचे तीन माउस देऊन पाहिले, पण दाबात फारसा फरक पडला नाही. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. संगणकामुळे हा विशिष्ट आजार सरसकट होतो, असं त्यात दिसलं नाही. मात्र आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त माउस चालवणाऱ्यांमध्ये त्याच्या लक्षणांचा धोका थोडा वाढलेला आढळला.

मी वीस तास दोन दिवसांत भरतो.

शेवटी काय घेतलं

म्हणजे साधन बदलून काहीच होत नाही का? होतं, पण प्रत्येक साधन भार नाहीसा करत नाही, तो हलवतं. उभ्या माउसवर हात हस्तांदोलनासारखा राहतो, त्यामुळे कोपरापुढचा पिळा कमी होतो. पण हलका नसेल तर तो ढकलताना मनगटच वापरलं जातं. अंगठ्याच्या ट्रॅकबॉलमध्ये हात स्थिर राहतो, पण मनगटाचा भार अंगठ्यावर जातो. बोटांच्या ट्रॅकबॉलमध्ये तो दोन-तीन बोटांत वाटला जातो. पेनाने चित्राचं काम छान होतं, पण पेन घट्ट आवळण्याची सवय असेल तर आपण पुन्हा गॉवर्स यांच्या कारकुनांपाशी येतो.

मी बोटांचा ट्रॅकबॉल घेतला. दोन्ही हातांना चालेल असा. सकाळी डावीकडे ठेवतो, दुपारी उजवीकडे. आकड्यांच्या कळा नसलेला छोटा कळफलक घेतला, म्हणजे हात फार बाहेर ताणावा लागत नाही. ओढण्याची कामं शक्य तितकी कळांवर आणली. पहिले आठ दिवस वैताग आला, पानं निम्म्याने कमी झाली. आता रात्री क्वचितच जाग येते. पट्टा मात्र अजून बांधतो. बधिरपणा टिकून राहिला किंवा अंगठ्याची ताकद कमी झाली, तर दुकानात न जाता दवाखान्यात जायचं, एवढं कळलंय.

सगळ्यांत अवघड बदल टेबलावरचा नव्हता. नोटरीची गोष्ट वाचून मी ठरवलं की, डावा हात वापरायचा तर कामही कमी करायचं. प्रकाशकांना सांगितलं, पुस्तकाला चार दिवस जास्त लागतील आणि पानाचा दर थोडा वाढवावा लागेल. एकाने मान्य केलं. एकाने काम दुसरीकडे दिलं. त्या दुसरीकडे कुणीतरी पोरगा आत्ता माउस दाबून धरून माझ्या वाट्याची पानं ओढत असेल. त्याचं मनगट अजून दुखत नसेल.

तुमचंही दुखत असेल तर दुकानात जरूर जा. चार साधनं हातात धरून बघा, जमलं तर आठवडाभर कुणाचं तरी उसनं वापरा. पण जाण्याआधी आपण रोज किती तास हात चालवतो, ते एकदा कागदावर लिहून काढा. मी लिहिलं, तेव्हा चाचांचं वाक्य मला पहिल्यांदा नीट कळलं.