नेवरीची जात कोणती?

आज मी नाताळच्या फराळावर बोलणार आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं करंजीवर काय बोलावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण लहानपणी एका ताटानं मला एक प्रश्न घातला होता, आणि इतिहासात शिरल्याशिवाय तो काही सुटत नाही.

आमचं घर सावंतवाडीत होतं. शेजारी मूळ गोव्याकडचं एक ख्रिस्ती कुटुंब राही. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी आळी 'माय' म्हणायची. दिवाळीत माझी आजी मायकडे फराळाचं ताट पाठवी. करंज्या, चकल्या, लाडू. नाताळात मायकडून ताट येई, त्यात नारळ, केळी आणि गूळ. शिजवलेला एकही जिन्नस नसे. मी तर मायच्या स्वयंपाकघरात नेवऱ्यांचे ढीग पाहिलेले. मी आजीला विचारलं, "माय आपल्याला नेवऱ्या का देत नाही?" आजी म्हणाली, "तिला ठाऊक आहे." एवढंच.

तिला काय ठाऊक होतं, ते आज पाहू.

आधी मायच्या स्वयंपाकघरात जाऊ. डिसेंबरच्या मध्यापासून तिथं गडबड सुरू होई. पिठाच्या गोळ्या नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायच्या, की झाले कलकल. त्याला सगळं घर बसे, आम्ही पोरंसुद्धा. डोदोल म्हणजे नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि काळा गूळ. तासन् तास ढवळायचा, एकाचा हात दुखला की दुसऱ्यानं धरायचा. चण्याची डाळ आणि नारळ यांची वडी, ती दोस. आणि सगळ्यांत मानाची बेबिंका. अंड्यांतला पिवळा बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा, तूप. एक थर ओतायचा, वरून निखारे ठेवून भाजायचा, मग त्यावर दुसरा. थरावर थर चढवत अख्खी दुपार जाई. अंड्यांच्या बलकाची ही आवड पोर्तुगिजांची; पण घरात भट्टी नव्हती, म्हणून भाजायची रीत इथली. आमच्या कोकणात काकडीचं धोंडस याच पद्धतीनं, वरखाली विस्तव ठेवून होतं. म्हणजे मायची बेबिंका आणि आजीचं धोंडस एकाच निखाऱ्यांवर भाजलेलं!

या ताटाला गोव्यात 'कोन्सोआद' म्हणतात. शब्द पोर्तुगीज. पोर्तुगालमध्ये तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला लावतात. गोव्यात त्याचा अर्थ झाला शेजारीपाजारी वाटायचं ताट. 'नाताळ' हा आपला शब्दही पोर्तुगीजच, आणि 'पाव' आणि 'काजू'सुद्धा. काजूचं तर झाडच त्यांनी ब्राझीलहून आणलं. डोदोल त्याच नावानं जावा-मलायाकडेही करतात. एका ताटात तीन खंडं बसलेली असतात बघा. आणि मधोमध असते ती नेवरी. खोबरं, साखर, वेलची भरून तळलेली. गोव्यातल्या हिंदू घरांत हीच नेवरी चतुर्थीला गणपतीपुढे ठेवतात.

आता पहिली भिंत. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५६० मध्ये तिथं इन्क्विझिशन आलं आणि, मधली काही वर्षं सोडली तर, ते १८१२ पर्यंत टिकलं. या धर्मन्यायालयाचा रोख मुख्यतः बाटलेल्या लोकांवर असे. बाप्तिस्मा घेतला, पण जुन्या चालीरीती सुटल्या का? १७३६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी एक लांबलचक फर्मान काढलं. अ. का. प्रियोळकरांनी ते १९६१ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात उजेडात आणलं. ख्रिस्ती माणसानं धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अंगणात तुळस ठेवू नये. आणि हे ऐका: हिंदूंसारखा भात बिनमिठाचा शिजवू नये. भातात मीठ घातलं की नाही, यावरून माणसाचा धर्म ओळखायचा! राज्यसत्ता चुलीपर्यंत येते, ती अशी. आणि तरीही नेवरी राहिली. सण बदलला, देव बदलला, पण बायकांच्या हाताला सवय होती ती सारणाची.

दुसरी भिंत आमच्या बाजूची, आणि ती आम्हीच बांधलेली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मोठी मंडळी गेली होती. व्याख्यान झाल्यावर चहा आणि बिस्किटं आली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांची ही करामत. पुढं नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गहजब झाला. कोण प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरला, यावर प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. घरच्यांना त्याचं किती दुःख झालं, ते रमाबाईंच्या आठवणींत आहे. पुढं हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेल्या माणसाला एका कपाचा हिशेब द्यावा लागला, तर सावंतवाडीतल्या माझ्या आजीनं काय करावं?

आता थोडं माझ्या विषयाकडे वळतो. न्यायशास्त्रात 'जाती' हा शब्द वेगळ्या अर्थानं येतो. सगळ्या गाईंमध्ये जे समान, ते गोत्व, ती गाईची जाती. मग करंजीत्व कशात आहे? पारीत, सारणात, आकारात. त्या हिशेबानं मायची नेवरी आणि आजीची करंजी यांची जाती एकच. फरक कुठं होता? करणाऱ्या हातात. म्हणजे पदार्थाला जात नव्हती, आम्ही हाताची जात पदार्थाला चिकटवली. फर्मान काढणाऱ्यांनीही तेच केलं होतं. एकमेकांचे कट्टर विरोधक, पण स्वयंपाकघराकडे बघायची दोघांची नजर एक.

एका नाताळात मी मायकडे बसून चार नेवऱ्या खाऊन आलो. तोंड पुसायचं राहिलं असावं. आजीनं पदरानं माझ्या ओठावरचं खोबरं टिपलं. मी मार खायच्या तयारीत. ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "सारणात जायफळ घालते का रे ती?"

ही गोष्ट मी आजवर अनेकदा सांगितली आहे. लोक हसतात, आजीचं कौतुक करतात. मीही करायचो. पण आता सत्तरी उलटल्यावर एक बोच लागते. आजीचं मन मला कळलं. मायचं? दरवर्षी आमच्या करंज्या घ्यायच्या, स्वतःच्या हातच्या नेवऱ्या मागं ठेवायच्या आणि ताटात नारळ-केळी मांडायची, तेव्हा तिला काय वाटत असेल? आमचं सोवळं आम्ही नाही सांभाळलं, तिनं सांभाळलं. तिला मी हे कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

आज आपण म्हणतो, "आम्ही खातो हो त्यांच्याकडचं, आमच्यात तसलं काही नाही." हे वाक्य जरा पुन्हा ऐकून बघा. ते मोठेपणानं सांगावंसं वाटतं, तोवर भिंत आहे असंच समजा. येत्या नाताळात ताट आलं तर असलं काही बोलू नका. खा, आणि सारणात काय घातलंय ते विचारा. आणि ताट रिकामं परत पाठवू नका.