सव्वा रेघेचा फरक

शनिवारी सकाळी लेकीचा प्रश्न आला, "बाबा, दोरी गोळ्याच्या वरपर्यंत मोजायची की मध्यापर्यंत?" शाळेचा लंबकाचा प्रयोग होता. जुन्या बेअरिंगमधला लोखंडी गोळा दोऱ्याला चिकटवून आम्ही तो बाल्कनीत टांगला होता. मध्यापर्यंत, म्हटलं. मग लांबी 99 सेंटिमीटरच्या जरा वर ठेवली आणि गोळा हलकेच सोडला. इकडून तिकडे एक सेकंद, तिकडून इकडे एक सेकंद. शंभर झोके, शंभर सेकंद! "म्हणजे हे घड्याळ पण आहे आणि मोजपट्टी पण?" इति कन्या.

तर मंडळी, नेमकं हेच सतराव्या शतकात युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांना वाटलं होतं. तेव्हा प्रत्येक देशाचा, कधी कधी प्रत्येक गावाचा फूट वेगळा. पण झोक्याचा वेळ गोळ्याच्या वजनावर नाही, दोरीच्या लांबीवर ठरतो. मग एका सेकंदात एक झोका घेणारी दोरी हेच सगळ्या जगाचं माप का असू नये? आणि सेकंद तपासायला आकाश आहेच. कुठलाही तारा 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांनी पुन्हा त्याच जागी येतो. जॉन विल्किन्सने 1668 मध्ये असं माप छापून सुचवलं. ना राजाचा पाय, ना कुणाचा हात! कल्पना झकासच होती.

आता एक माणूस पॅरिसहून निघतो. नाव जाँ रिशे. फ्रेंच अकादमीने त्याला 1672 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला पाठवलं. मुख्य काम मंगळाचे वेध घेण्याचं. कायेन विषुववृत्तापासून जेमतेम 5 अंशांवर. तिथे त्याने सेकंदाचा लंबक लावला, तर तो मागे पडायला लागला. ताळा जमवायला दोरी सव्वा रेघेने कमी करावी लागली. रेघ म्हणजे 'लीन्य', फ्रेंच इंचाचा बारावा भाग. सव्वा रेघ म्हणजे आजचे 2.8 मिलिमीटर.

तीन मिलिमीटरसुद्धा नाही हो! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हवा दमट आहे, दोरी ताणली असेल, चालायचंच. पण रिशेने दहा महिने ते मोजमाप पुन्हा पुन्हा केलं, आणि आकडा होता तसा लिहून ठेवला.

पॅरिसला परतल्यावर शंका निघाल्याच. उन्हाने मोजपट्टी वाढली असणार, असं काहींचं म्हणणं. पण लोखंडी पट्टी 20 अंशांनी तापली तरी मीटरमागे पाव मिलिमीटरच वाढते. तेवढ्यात 2.8 कसे बसणार? पुढे 1677 मध्ये सेंट हेलेना बेटावर एडमंड हॅलीलाही आपला लंबक आखूड करावा लागला.

कारण सापडलं ते दुसऱ्याच दोरी-गोळ्यात. गोफण फिरवताना दोरी हाताला ओढ देते ना? दगड वर्तुळात ठेवायचा तर त्याला सतत आत खेचावं लागतं. ही ओढ किती, याचा हिशोब हायगेन्सने 1659 मध्येच मांडला होता आणि 1673 मध्ये छापला. आता आपणही त्या दगडासारखेच फिरतोय. विषुववृत्तावरचा माणूस दिवसाला 40,000 किलोमीटरची चक्कर मारतो, पॅरिसकराची चक्कर लहान. म्हणून विषुववृत्तावर गुरुत्वाचा सुमारे 289 वा भाग आपल्याला वर्तुळात ठेवण्यातच खर्ची पडतो. पण एवढ्याने रिशेच्या फरकाचा दोन-तृतीयांश हिस्साच सुटतो. उरलेल्याचं उत्तर न्यूटनने 1687 मध्ये दिलं: फिरून फिरून पृथ्वीची कंबर सुटली आहे! विषुववृत्तावर आपण केंद्रापासून जास्त दूर असतो. फ्रान्समध्ये यावर बरीच वर्षं भांडण चाललं. 1736-37 मध्ये मोपेर्तुईच्या तुकडीने लॅपलँडच्या थंडीत जमीन मोजली, तेव्हा न्यूटनचं पारडं जड झालं.

आणि जगाच्या मापाचं काय? 1790 मध्ये फ्रान्समध्ये तालेराँने सेकंदाच्या लंबकाचाच प्रस्ताव ठेवला, 45 अक्षांशावरच्या. पण जागा बदलली की बदलणारं, वर सेकंदावर अवलंबून असणारं माप अकादमीच्या समितीला नको होतं. 1791 मध्ये ठरलं की उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. गंमत म्हणजे त्यातही चूक झाली. 1799 चा प्लॅटिनमचा मीटर 0.2 मिलिमीटरने तोकडा निघाला.

ही गोष्ट मला लागते ती वेगळ्या कारणाने. दोन सर्व्हरच्या घड्याळांत रोज दोनेक सेकंदांचा फरक पडतोय, हे मी एकदा लॉगमध्ये स्वच्छ पाहिलं होतं. म्हटलं, एवढं चालतं. तीन आठवड्यांनी सगळ्या नोंदींचा क्रम बिघडला आणि एक अख्खी रात्र जागून निस्तरावं लागलं. आकडा समोर होता, माझी मानायची तयारी नव्हती.

लेकीला सांगितलं, आपल्या पुण्यातली सेकंदाची दोरी पॅरिसपेक्षा अडीचेक मिलिमीटर आखूड. शंभर झोक्यांत फरक 0.12 सेकंद, म्हणजे स्टॉपवॉचवरच्या बोटाला न कळणारा. दिवसभर मोजलं तर मात्र पावणेदोन मिनिटं.

"मग दिवसभर मोजूया?"

असो. रविवार कसा जाणार ते कळलंच असेल तुम्हाला.