शेजार कोणाच्या वाट्याला येतो?

रोगजंतू जात बघत नाहीत, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. जंतू बघत नसतील; पण जंतूंचे कोठार कोणाच्या वस्तीला खेटून उभारायचे हे ठरवणारे बघतात. उदाहरण अमेरिकेचे आहे. अस्पृश्य आणि तिथले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य बाबासाहेबांनी 1946 मध्येच ड्यु बॉइस यांना पत्र लिहून मांडले होते.

डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातले औषध मिसळून पाहिले. निष्कर्ष 1976 मध्ये प्रसिद्ध झाले. पैसा पशुऔषध कंपन्यांच्याच संघटनेचा होता, हे विशेष! आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. औषध कोंबड्यांनी खाल्ले, पण पाच-सहा महिन्यांत तसले जंतू शेतावरच्या माणसांच्या पोटातही सापडू लागले. त्यांच्या विष्ठेच्या 31.3 टक्के नमुन्यांत 80 टक्क्यांहून जास्त जंतू औषधाला न जुमानणारे निघाले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हे प्रमाण 6.8 टक्के होते. असे जंतू पोटात ठाण मांडतात तेव्हा माणूस आजारी दिसत नाही. पुढे कधी लघवीचा किंवा रक्ताचा संसर्ग झाला, की नेहमीचे औषध लागू पडत नाही.

1977 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खाद्यातल्या पेनिसिलिन व टेट्रासायक्लिनवर बंधने सुचवली. संसदेने ती अडवली. जनावरांचे वजन वाढवण्यासाठी माणसांची औषधे वापरणे तिथे बंद व्हायला 2017 उजाडले.

लेव्हींच्या प्रयोगातले शेजारी तुलनेपुरते होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे वराहपालनाचे कारखाने झाले, हजारो डुकरांचे मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवून शेतांवर फवारले जाऊ लागले. ही तळी कोणाच्या दारात? 2000 साली स्टीव्ह विंग आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: लोकसंख्येची घनता जमेस धरूनही सर्वात गरीब भागांत असे कारखाने सर्वात सधन भागांच्या सुमारे 7 पट, आणि गौरेतर वस्ती जास्त असलेल्या भागांत सुमारे 5 पट. अभ्यासाच्या लेखकांत टिलरी गावचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते गॅरी ग्रांट होते. ज्यांच्या नाकाला दुर्गंधी येते त्यांचे नाव शोधनिबंधावर, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

भारतात 2019 मध्ये केंद्राने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. निर्णय योग्यच. पण आपल्या तालुक्यातल्या पोल्ट्री शेडना लागून कोणाची घरे आहेत, शेडमधली विष्ठा कोण उपसते, याची नोंद त्या आदेशात नाही. ती आपल्यालाच गावोगाव फिरून करावी लागेल.