योसेमिटी: फ्रेममध्ये न आलेली माणसं

मॅकवाल्यांना ही नावं पाठ असतील. २०१४ साली योसेमिटी, २०१५ ला एल कॅपिटन, मग सिएरा, मग हाय सिएरा. सलग चार वर्षं ॲपलने आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमला कॅलिफोर्नियातल्या एकाच डोंगररांगेतली नावं दिली आणि वॉलपेपरवरही डोंगरच ठेवले. बे एरियात गेलेला आपला प्रत्येक मित्र पहिल्या लाँग वीकेंडला तिथे जातो आणि हाफ डोमचा फोटो पाठवतो. या सगळ्या फोटोंत एक गोष्ट कॉमन असते. माणूस नसतो. (असलाच तर मित्र स्वतः, गॉगल लावून.) कडा, धबधबा, ढग, झाडं. जग कालच तयार झालं असावं इतकं कोरं.

ही नजर कुठून आली? चार दिवस डोंगरात राहायचं, पहाटे ट्रायपॉड लावायचा, संध्याकाळी एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करायची, हा फोटोग्राफी रिट्रीटचा प्रकार आता आपल्याकडेही चांगलाच रुजलाय. त्याचं एक मोठं मूळ याच दरीत आहे. १९४० मध्ये ॲन्सेल ॲडम्सने योसेमिटीत असं पहिलं शिबिर भरवलं, शिकवायला एडवर्ड वेस्टन होता. नंतर १९५५ ते १९८१ दर वर्षी ॲडम्सची कार्यशाळा तिथे होत राहिली. पण गोष्ट त्याच्याही बरीच आधी सुरू होते.

१८६१ साली कार्लटन वॉटकिन्स नावाचा फोटोग्राफर खेचरांवर सामान लादून या दरीत उतरला. सामान म्हणजे काय, तर १८ बाय २२ इंचाच्या काचा! तेव्हा एन्लार्जरचं तंत्र कामाचं नव्हतं, त्यामुळे जेवढा फोटो हवा तेवढी काच. वेट कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच एक्स्पोज करायचं आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात डेव्हलप करायचं. एक चूक झाली की काच वाया. अनडू वगैरे काही नाही. अशा ३० मोठ्या काचा आणि शंभरेक स्टिरिओ फोटो घेऊन तो परतला. १८६२ मध्ये हे प्रिंट न्यूयॉर्कमध्ये लागले. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं होतं, आणि इकडे भिंतीवर ही शांत, निर्मनुष्य दरी. ३० जून १८६४ रोजी लिंकनने योसेमिटी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये हे विधेयक जॉन कॉनेसने आणलं होतं. लिंकनने कॅलिफोर्निया कधी पाहिलंच नव्हतं. या कायद्यामागे वॉटकिन्सच्या फोटोंचा वाटा होता असं इतिहासकार मानतात, आणि मला ते पटतं. न पाहिलेली जागा वाचवायची तर फोटोशिवाय दुसरं काय दाखवणार? (वॉटकिन्सचं पुढे फार वाईट झालं. कर्जापायी निगेटिव्ह गेल्या, १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात उरलेला स्टुडिओ गेला आणि १९१६ मध्ये तो मनोरुग्णालयात वारला. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.)

आता फ्रेमच्या बाहेर बघू. वॉटकिन्स आला त्याच्या बरोबर १० वर्षं आधी, मार्च १८५१ मध्ये, मारिपोसा बटालियन नावाची हत्यारबंद तुकडी या दरीत घुसली होती. सोन्याच्या खाणींसाठी आलेल्या गोऱ्यांना तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून लावायचं होतं. दरीचं नाव होतं अवानी, आणि तिथले लोक अवानीची. ‘योसेमिटी’ हे त्यांचं स्वतःचं नाव नव्हेच. आसपासचे लोक त्यांना घाबरून जे म्हणत, साधारण ‘ठार मारणारे’ अशा अर्थाचं, ते बटालियनने दरीला चिकटवलं. त्यांची घरं आणि साठवलेलं धान्य जाळलं गेलं. धान्य म्हणजे मुख्यतः ओकच्या झाडाची फळं. तीच दळून ते खात.

या ओकमुळेच गोष्ट मला खरी इंटरेस्टिंग वाटते. ते लोक दरीतलं गवत आणि झुडपं मुद्दाम, ठरवून जाळत असत. त्यामुळे ओक टिकायचे, सूचिपर्णी झाडं माजायची नाहीत, आणि दरीचा तळ मोकळ्या कुरणासारखा राहायचा. वॉटकिन्सच्या फोटोंत समोर जे ऐसपैस गवत आणि मागे अखंड दिसणारा कडा आहे ना, त्यातलं गवत हे शेकडो वर्षांच्या राखणीचं फळ होतं. म्हणजे ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून ज्याचा फोटो निघाला ती एक प्रकारची बागच होती, फक्त माळी फ्रेममध्ये नव्हता. आगी बंद झाल्यावर झाडं दाटली. दरीचा पहिला सरकारी राखणदार गेलन क्लार्क १८९० च्या दशकातच सांगत होता, की कुरणं आक्रसत चाललीयेत. पुढे तर कडे दिसावेत म्हणून झाडं तोडायची रीतसर योजना पार्कला करावी लागली!

ॲडम्स इथे पहिल्यांदा आला १९१६ मध्ये, १४ वर्षांचा असताना, कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा घेऊन. १० एप्रिल १९२७ ला हाफ डोमसमोर उभा असताना त्याच्याकडे शेवटच्या दोनच काचा उरल्या होत्या. एकीवर त्याने पिवळा फिल्टर लावून फोटो काढला. मग त्याच्या लक्षात आलं, की आभाळ त्याला मनात जसं काळंभोर दिसतंय तसं यात येणार नाही. शेवटच्या काचेला त्याने गडद लाल फिल्टर लावला. आधी मनात फोटो पाहायचा आणि मग काढायचा, हे त्याचं तत्त्व त्या दुपारचं. पुढे कार्यशाळांमध्ये त्याने हेच शिकवलं. शिक्षक म्हणून तो ग्रेटच होता.

पण मनातल्या फोटोत काय नसावं, हेही मनच ठरवतं. १९४४ मध्ये सिएराच्या पूर्वेकडे, लोन पाइन गावाजवळ, त्याने बर्फाच्छादित शिखरांचा प्रसिद्ध सूर्योदय टिपला. समोरच्या टेकडीवर गावातल्या शाळेच्या पोरांनी चुन्याने ‘एल पी’ अशी अक्षरं काढली होती. ॲडम्सने ती रिटच करून घालवली. फोटोशॉपच्या कितीतरी आधी! गंमत म्हणजे हाच माणूस त्या काळात जवळच्याच मॅन्झनार छावणीत डांबलेल्या जपानी-अमेरिकन लोकांचे फोटो काढत होता, आणि युद्ध चालू असताना त्याने त्यांच्या बाजूने पुस्तकही छापलं. त्यामुळे त्याला व्हिलन करण्यात अर्थ नाही. माणसं त्याला दिसत होती. ‘निसर्ग’ या फोल्डरमध्ये ती बसत नव्हती, इतकंच.

आणि दरीत तोवर माणसं होती. अवानीचींचे वंशज परत आले होते, पार्कमध्ये आणि हॉटेलांत नोकऱ्या करत होते, टोपल्या विणून विकत होते. १९३० च्या दशकात पार्कने त्यांना जुन्या वस्तीतून छोट्या केबिन्समध्ये हलवलं. १९५३ मध्ये नियम केला, की कायम सरकारी नोकरी असलेल्यानेच इथे कुटुंबासह राहावं. नोकरी संपली की घर गेलं. १९६९ मध्ये उरलेली घरं आग विझवण्याच्या सरावासाठी जाळून टाकली. त्या काळात ॲडम्सची कार्यशाळा दर वर्षी भरत होती. त्याच दरीत.

फोटोंनी दरी वाचवली हे खरंच आहे. नाहीतर तिथे आज काय उभं असतं कोण जाणे. पण वाचवताना ती रिकामी आहे असं समजून वाचवली, आणि मग खरोखरच रिकामी केली.

ॲडम्सचा १९४६ च्या सुमाराचा एक फोटो आहे, तेनाया तलाव आणि मागे माउंट कॉनेस. तेनाया हा अवानीचींचा मुखिया. बटालियनच्या लोकांनी त्याला पकडलं आणि तलावाला तुझं नाव दिलंय असं कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, तलावाला नाव आहे की आधीच: पायवियाक. मागच्या डोंगराचं नाव विधेयक आणणाऱ्या सिनेटरचं. जुनं नाव आता तलावाजवळच्या एका ग्रॅनाइटच्या घुमटाला दिलंय.