सम्राटांचा राजीनामा

एप्रिल २०१९ मध्ये जपानातल्या आम्हा संगणकवाल्यांची झोप उडाली होती. इथे सरकारी कागदांवर आणि कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये वर्ष लिहितात ते सम्राटांच्या कालखंडाचं. १ एप्रिलला 'रेइवा' हे नवं नाव जाहीर झालं आणि १ मेपासून ते लागू. हातात जेमतेम महिना! रात्री तारखा तपासताना मी वैतागून म्हटलं, "सम्राटांनी नाव जरा आधी सांगायचं ना!" शेजारचे जपानी सहकारी हसले. "नाव ते ठरवत नाहीत. मंत्रिमंडळ ठरवतं."

मला हे नवीनच होतं. मग वाचत गेलो.

१८८९ च्या मेइजी राज्यघटनेत सम्राट सार्वभौम होते, सैन्याचे प्रमुखही. ३ मे १९४७ ला लागू झालेल्या घटनेने त्यांना राष्ट्राचं आणि जनतेच्या एकतेचं प्रतीक ठरवलं, आणि चौथ्या कलमाने राज्यकारभाराचे अधिकार काढून घेतले. पंतप्रधानांची नेमणूक सम्राट करतात, पण निवड संसदेची. आपले राष्ट्रपती निदान एखादं विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. इथे तेही नाही. आपल्याला साताऱ्याची आठवण येईल. शाहू महाराजांनंतर कारभार पुण्याच्या हाती गेला, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच येत. फरक एवढाच की तिथली सत्ता पेशव्यांकडे गेली, इथली लोकांनी निवडलेल्या संसदेकडे.

मग सम्राटांकडे उरलं काय? १९९१ मध्ये उन्झेन ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर सम्राट अकिहितो छावणीत गेले आणि जमिनीवर गुडघे टेकून आपत्तिग्रस्तांशी बोलले. २०११ च्या त्सुनामीनंतरही तसंच. हे कुठल्या कलमात लिहिलेलं नाही.

८ ऑगस्ट २०१६ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते टीव्हीवर आले. प्रकृतीमुळे पुढे कर्तव्यं नीट पार पाडता येतील का, ही काळजी त्यांनी बोलून दाखवली. पण पद सोडायचंय असं सरळ म्हणाले नाहीत, कारण ते राजकारणात बोलणं झालं असतं. लोकांना मात्र बरोब्बर कळलं. कायद्यात पदत्यागाची सोयच नव्हती. जून २०१७ मध्ये संसदेने फक्त त्यांच्यापुरता खास कायदा केला. ३० एप्रिल २०१९ ला ते पायउतार झाले. असं घडायला सुमारे दोनशे वर्षं लागली होती.

मी दोन ओळींच्या मेलवर नोकरी सोडू शकतो. सम्राटांना मात्र त्यासाठी संसदेचा कायदा लागला! पण अधिकार नसलेल्या माणसाचं न बोललेलं वाक्य अख्ख्या देशाने ऐकलं, हेही तितकंच खरं. ती ताकद घटनेने दिलेली नव्हती; गुडघे टेकून कमावलेली होती.